मिठाची जागा

परवा पुन्हा बझारमध्ये मीठ सापडेना. दारातून आत गेल्यावर जिथं मीठ असायचं तिथं खोट्या फुलांच्या कुंड्या, त्यांच्या मागे प्रवासाच्या बॅगा, आणि बॅगांच्या मागे खांबाला लावलेला उंच आरसा. आरशात रिकामी टोपली धरून कपाळाला आठ्या घातलेली एक बाई उभी होती. ती मीच, हे कळायला मला जरा वेळ लागला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेल्या तिथल्या एका मुलाला विचारलं, तर तो हसतमुखानं म्हणाला, "मॅडम, लेआउट बदललाय. एक चक्कर मारा की, सापडंल." मला मीठ पाहिजे होतं, चक्कर नको होती. त्याला मी काय बोलले ते इथं लिहीत नाही, कारण शाळेत मी मुलांना सभ्य भाषा शिकवते. पण घरी येईपर्यंत डोक्यात नीलाक्काच होत्या.

नीलाक्का गेल्या त्याला आता बरेच महिने झाले. वय झालं होतं, त्यातच न्यूमोनिया झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरंच असणार. पण त्यांचं जाणं कुठून सुरू झालं असं मला कुणी विचारलं, तर मी त्या दुकानाच्या दाराकडे बोट दाखवीन.

दुकानाला मोठं इंग्रजी नाव आहे, पण आमच्या शुक्रवार पेठेत सगळे त्याला बझारच म्हणतात. तीन मजले. खाली किराणा, मधे भांडी आणि प्लॅस्टिक, वर कपडे. ते निघालं तेव्हा गल्लीतल्या किराणा दुकानदारांनी नाकं मुरडली होती आणि मग त्यांच्याच बायका तिथं डाळी घेताना दिसायला लागल्या. नीलाक्का तर पहिल्या आठवड्यापासून तिथल्या. बझार त्यांचं दुसरं माजघर होतं म्हटलं तरी चालेल.

त्या आमच्या समोर राहायच्या. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं न्हाणी. यजमान गिरणीत होते, ते फार पूर्वी गेले. एकुलता मुलगा बसवराज, म्हणजे बसू, पुण्याला कंपनीत. अक्का हाडापेरानं दांडग्या, उंच, अंगावर इरकल साडी, गळ्यात दोऱ्यात ओवलेली लिंगाची चांदीची करंडी, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे. ते पट्टे आरशात न बघता ओढलेले असायचे आणि तरी सुतासारखे सरळ. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं, त्यामुळे राग आला की कन्नड, लाड आले की कन्नड आणि मधल्या सगळ्या वेळात आमची सोलापुरी मराठी. मला त्या "मास्तरीण" म्हणत. चाळीस पोरांना वळण लावणारी मी, पण अक्कांच्या ओट्यावर गेले की पहिल्या बाकावर बसल्यासारखी गप्प.

त्यांच्या दारात उभं राहिलं की आतून ठरलेला आवाज यायचा, "आधी बोल. मुक्यानं आत यायचं न्हाय माझ्या घरात." पोस्टमन असो, गॅसवाला असो, नाहीतर गल्लीचा नगरसेवक असो, आधी बोलायचं, मग उंबरा ओलांडायचा. बोललात की त्या लगेच नावानं हाक मारायच्या आणि वर आणखी काहीतरी ऐकवायच्या. "सर्दी झालीया की गं तुला." "नवी चप्पल घितलीस व्हय रे? लई वाजतीया." गल्लीतले लोक म्हणायचे, म्हातारीला मान पाहिजे. मीही म्हणायचे.

दुसरा नियम स्वयंपाकघराचा. तिथला डबा जागचा हलता कामा नये. खालच्या फळीवर डाव्या टोकाला मीठ, मग तिखट, मग हळद, मग शेंगाचं कूट. आमच्या शेजारच्या घरात नवी सून आली होती. सणाच्या आधी अक्कांना मदत म्हणून तिनं सगळे डबे घासून पुसून लहान-मोठे असे ओळीनं लावून ठेवले. दिसायला फार सुंदर दिसत होतं. अक्का आल्या, हात पुढं केला, एक डबा उघडला, वास घेतला, झाकण लावलं, आणि त्या पोरीला जे काही बोलल्या ते ऐकून गल्लीतली कुत्री गप्प झाली. पोर रडत घरी गेली. संध्याकाळी अक्काच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन तिच्या दारात गेल्या. "माझी वस्तू जागची हलली की मी हलते बघ," एवढंच म्हणाल्या. माफी नाही मागितली.

आता उघडच सांगते. नीलाक्कांना दिसत नव्हतं. एकदम नाही, वर्षानुवर्षं हळूहळू जात होतं, आणि त्यांनी ते साऱ्या गल्लीपासून लपवलं होतं.

मला ते कळलं ते माझ्या दाढेमुळे. दाढ काढून मी घरी आले होते, तोंडात कापूस, बोलायची सोय नाही. त्यांची चटणीची वाटी परत द्यायची राहिली होती. रिकामी वाटी कशी द्यायची म्हणून तिच्यात दोन लाडू घातले आणि गेले. दार उघडंच होतं. बोलता येत नव्हतं म्हणून मी तशीच आत पाऊल टाकून उभी राहिले. अक्का आतल्या खोलीतून आल्या, सरळ माझ्याकडे तोंड करून आल्या, आणि मला ओलांडून भिंतीला हात लावत कोनाड्यापर्यंत गेल्या. माझा पदर त्यांच्या हाताला लागला असता इतक्या जवळून. मग एकदम थांबल्या. मान वाकडी केली. "यारू?" म्हणाल्या. नंतर मराठीत, "कोण हाय? बोल की. कोण हाय ते बोल की गं बाई!" मी तो चेहरा विसरणार नाही. साऱ्या पेठेला धाकात ठेवणारी ती बाई आपल्याच घरात चोर शिरल्यासारखी भिंतीला चिकटून उभी होती.

मी कापूस काढला आणि कसंबसं नाव सांगितलं. त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"बघितलीस न्हवं?" त्या म्हणाल्या. "काचबिंदू हाय. लई दिस झाले. मधोमध जरासं दिसतंय, नळीतनं बघितल्यागत. त्येबी आता धूर झालंय. डागदर म्हणला, गेलं ते परत येत न्हाय. हाय ते टिकवायचं."

"बसूला सांगितलंय?"

"बसूला सांगून काय करू? त्यो कवाच म्हणालाय, ज्या दिशी तुला एकटीला जमंना त्या दिशी घराला कुलूप घालायचं आणि पुण्याला यायचं. त्येचं बी खरंच हाय. पर हे घर माझ्या पायाला ठावं हाय गं. पुण्यात मी कुणाच्या भिंती चाचपू? कुणाला सांगितलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी सांगितलं नाही. त्यावरून मला नंतर लोकांनी बरंच सुनावलं. मी त्याबद्दल स्वतःला दोष देत नाही. घर त्यांचं होतं, डोळे त्यांचे होते.

त्या दिवसापासून मात्र मी त्यांच्याकडे बघायला शिकले. बझारमध्ये त्या कशा चालतात ते एकदा मुद्दाम मागून पाहिलं. दारात थांबून एक श्वास घ्यायच्या. मग उजवीकडं, जिथून साबणांचा वास येई. तो मागं पडला की एक सैल फरशी होती, पाय पडला की डुगडुगायची, ती लागली की हात पुढं करायचा. तिथं मीठ. त्याच्या पुढं डाळी, मग दुधाच्या फ्रिजचा गारवा पोटरीला लागला की डावीकडं गूळ आणि साखर, आणि शेवटी डोक्यावर घरघरणारा जुना पंखा, त्याच्या खाली पैसे घेणारी मुलगी. कुठं अडखळणं नाही, चाचपडणं नाही. नवीन बायका त्यांनाच विचारायच्या, "आजी, पोहे कुठं आहेत?" आणि अक्का बोटानं दाखवायच्या. मला त्या वेळी हसू यायचं आणि भीतीही वाटायची.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी बझार काही दिवस बंद राहिलं. आतून ठोकाठोकीचे आवाज यायचे. दारावर मोठा फलक लागला होता की आम्ही तुमच्यासाठी नव्या रूपात येत आहोत. आमच्यासाठी कुणी काही करतंय म्हटलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

उघडलं त्या दिवशी अर्धी पेठ आत होती आणि सगळी हरवलेली. शेंगदाणे जिना चढून वर, टिकल्या आणि बांगड्यांच्या शेजारी. साखर शाम्पूच्या मागं. तूरडाळ शोधणारे एक पेन्शनर गृहस्थ लहान मुलांच्या सायकलींमध्ये अडकले होते आणि तिथून फोनवर बायकोशी भांडत होते. सगळ्या फरशा नव्या, गुळगुळीत. सगळीकडं सारखंच गार. कोपऱ्याकोपऱ्यात यंत्रं लावली होती, त्यांतून एकच एक गोड वास फुस्स करून सुटायचा. साबणालाही तोच, लसणीलाही तोच. वर गाणी इतकी मोठ्यानं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. आणि खांबाखांबाला आरसे.

हे सगळं बघताना माझा राग हळूहळू भीतीत गेला. एका बाईचे डोळे काढून घ्यायचे असं कुणी बसून ठरवलं असतं तरी त्याला याहून नीट जमलं नसतं.

तेवढ्यात अक्का आल्याच. दारात थांबल्या, श्वास घेतला. पुन्हा घेतला. तरी सवयीनं उजवीकडं निघाल्या, हात पुढं केला, आणि हातात आलं ते बाळाच्या लंगोटांचं पुडकं. त्यांनी ते चाचपलं, वास घेतला, परत ठेवलं. मी त्यांच्याकडं निघाले, पण गर्दीतून पोचेपर्यंत त्यांचा आवाज चढला होता. मॅनेजर म्हणजे एक लुकडा, नुकतीच मिशी ठेवलेला मुलगा. त्याला त्यांनी नेमकं पकडलं.

"मीठ कुटं नेलास रे?"

"आजी, वर बोर्ड लावलाय की."

"बोर्ड घालू का आमटीत? मीठ कुटं हाय ते सांग."

"पार तिकडं, जिन्याखाली हाय. चला, हात द्या, मी सोडतो."

"हात कशाला? मी काय आंधळी हाय व्हय?"

लोक खदाखदा हसले. मॅनेजरही हसला. अक्का वळल्या आणि समोरच्या खांबापाशी थांबल्या. आरशात त्यांना कुणीतरी उंच बाई धुरातून दिसली असणार. त्या बाजूला झाल्या, तीही झाली. त्या दुसऱ्या बाजूला झाल्या. "सरक की बाई जरा," अक्का म्हणाल्या, आणि वाट बघत उभ्या राहिल्या. लोकांना वाटलं म्हातारी गंमत करतीये, ते आणखी हसले. मी जाऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना दाराकडं वळवलं.

त्यांना घरी सोडून मी परत गेले आणि मॅनेजरशी भांडले. तो बिचारा खरं बोलला. "मॅडम, गिऱ्हाईक सरळ मिठाकडं जातंय आणि मीठ घेऊन घरी जातंय. मग बाकीचा माल कोण बघणार? वरून आलंय आमाला, दर सणाला हलवायचं."

"म्हणजे आम्ही हरवावं म्हणून केलंय हे?"

"हरवावं न्हाय, मॅडम. फिरावं."

मी अक्कांना म्हटलं, तुमचं सामान मी आणत जाईन. त्यांनी ऐकून घेतलं नाही. "आज मीठ आणशील, उद्या मला धरून न्हाणीत नेशील. मग मी आणि भिंतीवरला ह्येंचा फोटो, फरक काय राहिला?" गल्लीतल्या लहान दुकानातून घ्या म्हटलं, तर तो दुकानदार बसूचा शाळेतला दोस्त, रोज दोघांचं फोनवर बोलणं. त्याच्यासमोर उभं राहून एक पुडा जरी चाचपला तरी रात्रीच्या आत पुण्याला कळलं असतं. बझारमध्ये निदान कुणी कुणाचं नव्हतं.

मग त्यांनी नवं बझार शिकायला घेतलं. दुपारी, जेवणानंतर, दुकान रिकामं असतं तेव्हा. ढकलगाडी घ्यायची, ती आंधळ्याच्या काठीसारखी पुढं चालवायची, जिथं ठणकन लागेल तिथं वळायचं. दारावरचा वॉचमन मला म्हणाला, "आजी रोज एसीत बसाया येत्यात वाटतं." काही दिवस त्यांच्या घरी विचित्र वस्तू दिसायच्या. गुळाऐवजी कपड्याच्या साबणाची वडी, रव्याऐवजी कुत्र्याचं खाणं. "आता कुत्रं पाळते," म्हणायच्या आणि एकट्याच हसायच्या. विभूतीचा मधला पट्टा त्या दिवसांत वाकडा यायला लागला होता.

दिवाळीच्या जरा आधी त्या माझ्या दारात आल्या, तोंड उजळलेलं. "सापडलं की मीठ! जिन्याखाली, डाव्या अंगाला. वरनं गार वारं मानंवर येतंय बघ, तितंच थांबायचं. आता बोलंव त्या मिशीवाल्याला." मी त्यांना चहा केला. मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की रडू येईल म्हणून मी तोंड फिरवून साखर हलवत बसले. त्यांनी विचारलं, "रडतीस व्हय गं?" त्यांना कसं कळलं कोण जाणे.

दिवाळी झाली आणि बझारनं पुन्हा सगळं हलवलं.

मार्गशीर्ष सरत आला होता. गुरुवारच्या पूजांसाठी जिन्याखाली, डाव्या अंगाला, गार वाऱ्याच्या झोताखाली त्यांनी पांढऱ्या रांगोळीच्या किलो-किलोच्या पिशव्या रचल्या होत्या. मीठ गेलं होतं पार मागच्या भिंतीला, चपलांच्या पलीकडं. मी ते पाहिलं आणि सगळं सोडून अक्कांच्या घरी गेले. कारण दोन दिवसांवर येळवस होती.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्याकडं दक्षिणेच्या अंगाला हिच्याइतका मोठा सण नाही. सगळे शेतात जातात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले दगडांचे पाच पांडव मांडायचे, त्यांना भज्जीचा, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांच्या मिसळभाजीचा, ताकातल्या आंबिलीचा, बाजरीच्या उंड्यांचा नैवेद्य दाखवायचा, आणि मग आल्यागेल्या सगळ्यांनी मिळून जेवायचं. अक्कांचं शेत मंद्रूपला, दीर शिवाप्पाकाका ते कसत. पण येळवसचं रांधणं लग्न होऊन आल्यापासून अक्कांकडंच. शहरातून पातेली भरून न्यायची. त्यांच्या हातच्या आंबिलीसाठी बांधाबांधावरून माणसं यायची. आणि त्यांचे त्यात दोन नेम होते. नैवेद्याला मिठाचा नवा पुडा फोडायचा, रोजच्या डब्यातलं मीठ चालत नाही. आणि देवाला दाखवल्याशिवाय चव बघायची नाही. आंबट-खारट सगळं अंदाजानं, आणि तो अंदाज कधी चुकत नाही असा त्यांचा लौकिक.

मी आत गेले तर अक्कांची पिशवी भरून आलेली. फळीवर सगळं लागलेलं. आणि आत पलंगावर, एक दिवस आधीच, पुण्याहून आलेला बसू पोरांना घेऊन लोळत होता, सून चहा करत होती.

"बझारात जाऊन आलात?" मी विचारलं.

"व्हय की. एकटी जाऊन समदं आणलं."

"मीठसुद्धा?"

"मीठ पयलं!"

"बघू जरा."

अक्कांचा चेहरा कडक झाला. "तपासणी करतीस व्हय गं माझी? शाळेत कर जा." आणि त्यांनी कपाटाचं दार ओढून घेतलं. बसू मान वर करून माझ्याकडं बघायला लागला. "काय झालं मावशी?" म्हणाला. माझ्या तोंडात शब्द आला होता. अक्का माझ्याकडं तोंड करून उभ्या होत्या, ते न दिसणारे डोळे माझ्यावर लावून. मी म्हटलं, काही नाही. त्यानंतर त्या घरात अक्कांशी एकटीनं बोलायची संधी मला मिळाली नाही.

अमावस्येच्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर गेले, दर वर्षी जायचे तशीच. टेंपोत पातेली फडक्यांनी बांधून ठेवलेली होती. रस्त्यानं सगळे मजेत होते, अक्का सगळ्यांत जास्त. शेतात हरभरा टचटचीत भरला होता, ज्वारी पुरुषभर उभी होती. शिवाप्पाकाकांनी पूजा केली. तांब्यातली आंबील ज्वारीच्या कडेकडेनं शिंपडून आले. गौराकाकू, म्हणजे त्यांच्या बायकोनं पानं मांडली. ऊन कोवळं होतं, वारा पडला होता. कुठं पान हलत नव्हतं.

सगळ्यांनी पहिला घास एकदमच घेतला, आणि सगळ्यांचे जबडे एकदमच थांबले.

भज्जीला मीठ नव्हतं. आंबिलीला नव्हतं. आणि दाताखाली दगडाचा बारीक चुरा कचकच वाजत होता. मी बसूकडं पाहिलं, त्यानं पानाकडं पाहिलं. सुनेनं पोरांच्या पुढची ताटं हळूच मागं ओढली. बांधावरून आंबिलीसाठी आलेले दोन म्हातारे शेतकरी पेले हातात धरून जमिनीकडं बघत राहिले.

"का गं, गप का बसलाव समदी?" अक्का म्हणाल्या. त्या अजून वाढतच होत्या. "जेवा की. कसं झालंय?"

गौराकाकू फार भली बाई. ती म्हणाली, "ब्येस झालंय अक्का. जरा वारं सुटलंय न्हवं, धूळ पडली असंल."

वारा नाही हे अक्कांना आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. त्या खाली बसल्या. पानातली भज्जी भाकरीवर घेतली, तोंडात घातली, चावली. तो आवाज मला ऐकू आला. थांबल्या नाहीत. दुसरा घास घेतला, मग तिसरा. आंबीलही प्यायल्या. सगळं पान संपवलं, कचकच वाजवत, मान ताठ ठेवून, आणि आम्ही सगळे बघत बसलो.

मग बसू उठून त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. त्यानं उजवा हात त्यांच्या तोंडासमोर धरला. अगदी जवळ.

"आई, माझ्या हातात काय हाय?"

अक्कांनी त्याच्या आवाजाकडं तोंड वळवलं. इतकी वर्षं निभावलं होतं, आता एकदा बरोबर आलं की झालं. त्या विचार करत होत्या हे मला दिसत होतं. जेवणाची वेळ, पोरगा समोर आलाय, म्हणजे काय घेऊन आला असेल.

"दिसतंय की मला," त्या म्हणाल्या. "आंबिलीचा पेला. दे हिकडं."

आणि पेला घ्यायला त्यांनी हात पुढं केला.

बसूचा हात रिकामा होता. अक्कांची बोटं त्याच्या तळव्याला लागली आणि तिथंच राहिली. बसूला हुंदका आला. तो वाईट मुलगा नव्हता, हे मी कुणालाही सांगेन. "आई, कवापासनं गं?" एवढंच म्हणाला. अक्कांनी हात पदरात घेतला आणि कोपीकडं तोंड करून बसल्या. टेंपोतून भरलेली पातेली परत येत होती, प्रत्येक खड्ड्याला झाकणं वाजत होती.

त्याच आठवड्यात घराला कुलूप लागलं. जायच्या दिवशी अक्कांनी सगळे डबे एकदा हातानं पाहिले, डावीकडून उजवीकडं. सून म्हणाली, एवढे डबे कशाला न्यायचे, तिकडं सगळं आहे. अक्का म्हणाल्या, "नेत न्हाय. जागच्या जागी हाईत का तेवढं बघितलं."

मी पुण्याला गेले ती उन्हाळ्याच्या सुट्टीत. उंच इमारतीतलं घर, स्वच्छ, उजेडाचं. सून प्रेमानं वागवत होती. तिला घर सजवायची हौस. दिवाणखाना तिनं नुकताच नव्यानं लावला होता, सोफा इकडचा तिकडं, टेबल खिडकीशी, आणि ते मला कौतुकानं दाखवत होती. अक्का बाल्कनीच्या दाराशी एका खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाय जवळ घेतलेले. एवढी दांडगी बाई, पण खुर्चीत जागा उरली होती. सून म्हणाली, सकाळी बसवलं की तिथंच असतात, अजिबात त्रास नाही त्यांचा.

सून आत गेल्यावर मी त्यांच्यासमोर मुद्दाम गप्प उभी राहिले. "आधी बोल" ऐकायचं होतं मला. त्यांनी तोंड माझ्याकडं वळवलं, कुणीतरी आहे हे त्यांना कळलं होतं. मी थांबले. त्यांनी काही विचारलं नाही. कुणीही असलं तरी आता त्यांना चालणार होतं.

"अक्का, मी," शेवटी मीच म्हटलं.

"मास्तरीण!" त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "बस की. कुटं बसायचं ते तूच बघ बाई. हितलं मला काय म्हाईत न्हाय."

मी त्यांच्या पायाशी खालीच बसले. पेठेतल्या गोष्टी सांगितल्या. त्या ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं. निघताना त्यांनीच एकदम विचारलं, "बझारात मीठ कुटं हाय गं आता?"

ते त्या महिन्यात कुठं होतं हे मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "पहिल्याच जागी आणलंय अक्का. लोकांनी फार तक्रारी केल्या. दारातून उजवीकडं, सैल फरशीच्या पुढं."

"तरी म्हटलं," त्या म्हणाल्या.

त्यांनी उजवा हात खुर्चीवरून उचलला आणि पुढं नेला, बरोबर त्या फळीच्या उंचीला, बोटं पुडा धरायला उघडलेली. समोर मोकळी हवा होती. हात बराच वेळ तसाच राहिला, आणि मी तो खाली घ्या म्हटलं नाही.